उपासाची कॉफी

दिवाळीचा फराळ अंगी लागतो न लागतो तोच कार्तिकी एकादशी दारात उभी राहते. चिवड्या-चकल्यांचे डबे अजून निम्मे भरलेले असतात, आणि घरातली वडील मंडळी साबुदाणा भिजत घालायला सांगतात. आपल्या उपासांची थट्टा आजवर पुष्कळांनी केली आहे, ती मी पुन्हा करीत नाही. मला कुतूहल आहे ते ताटातल्या नव्हे, कपातल्या वस्तूचे. कांदा चालत नाही, तांदूळ चालत नाही. पण समुद्रापलीकडून आलेला कॉफीचा काळा काढा सोवळ्यातल्या आजीबाईंनाही एकादशीला निःशंकपणे चाले. ह्या परदेशी पाहुणीला आत घेतले कोणी?

खरे म्हणजे कोणीच नाही. तिला अडवायला दारात कोणी नव्हते, इतकेच. बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि ज्याच्यापासून आजचा साबुदाणा करतात तो कंद, ही सारी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. युरोपीय गलबतांच्या मागोमाग ती इकडे आली. उपासाला काय वर्ज्य ह्याच्या याद्या ठरल्या तेव्हा ही नावे कोणाच्या कानांवर नव्हती. आणि ज्याचे नावच ठाऊक नाही त्याचा निषेध कसा करणार? कॉफीही ह्याच वाटेने फराळात शिरली. पण तिची कुळकथा पाहिली म्हणजे वाटते, उपासावर तिचा हक्क बटाट्याहून मोठा आहे. ती वाढलीच मुळी उपासाच्या आणि जागराच्या घरी.

अरबीत कॉफीला 'कहवा' म्हणतात. हा शब्द कॉफीहून जुना. आधी तो मद्याला लावीत. अरबी कोशकारांनी त्याची फोड अशी केली आहे की, जे घेतल्याने अन्नावरची वासना उडते तो कहवा. पुढे झोपेवरची वासना उडवणारे पेय आले, त्यालाही तेच नाव चिकटले. म्हणजे भूक मारणे हा अर्थ नावातच होता. हे पेय प्रथम नियमाने प्यायले ते पंधराव्या शतकात येमेनमधल्या सुफी फकिरांनी. रात्रभर नामस्मरण करायचे, डोळा लागू द्यायचा नाही, आणि सकाळी पुन्हा आपापल्या धंद्याला लागायचे. कारण हे फकीर काही रानावनात राहणारे नव्हते, बाजारपेठेत कष्ट करणारे होते. कैरो शहरात राहणाऱ्या येमेनी सुफींचे वर्णन मिळते. सोमवारी आणि शुक्रवारी रात्री ते जमत, तांबड्या मातीच्या भांड्यात कॉफी असे, आणि त्यांचा प्रमुख लहानशा पळीने ती एकेकाला देई. आपल्या देवळात तीर्थ देतात, तसेच. हे वाचले तेव्हा मला आपल्या भजनी मंडळाचा जागर आठवला. तिथेही मध्यरात्री पातेलेभर कॉफी येते आणि तोवर पेंगत असलेला टाळकरी नव्या दमाने उभा राहतो.

देवाच्या दारी असलेले हे पेय लवकरच बाजारात उतरले, आणि तिथे त्याच्यावर पहिला खटला भरला. तो खटला मोठा गमतीदार आहे. इ. स. १५११. मक्का शहरात खैर बेग नावाचा अधिकारी होता. बाजारातले वजनमाप आणि लोकांची चालचलणूक, दोन्हींवर नजर ठेवणे हे त्याचे काम. एका रात्री मशिदीजवळ दिव्याच्या उजेडात काही माणसे घोळका करून काहीतरी पीत बसलेली त्याला दिसली. त्याला पाहताच त्यांनी दिवा मालवला. झाले, अधिकाऱ्याच्या मनात शंका शिरली. दुसऱ्या दिवशी त्याने शहरातले धर्मपंडित गोळा केले आणि कॉफीचे भांडे आरोपीसारखे सभेत आणून ठेवले. पंडित म्हणाले, वनस्पती म्हणून हिच्यात पाप नाही. अपाय होतो की नाही ते वैद्यांनी सांगावे. मग दोन वैद्य आले. ते सख्खे भाऊ होते. त्यांनी कॉफी प्रकृतीला बाधक असल्याची ग्वाही दिली. सभेतला एक उत्साही साक्षीदार उठून म्हणाला, कॉफी दारूसारखीच चढते. सभा हसू लागली. कारण दारू कशी चढते हे ह्या गृहस्थाला कसे कळले? त्याने भाबडेपणाने आपण दारू चाखल्याचे कबूल केले आणि कॉफी राहिली बाजूला, त्यालाच शिक्षा झाली, असे सांगतात.

अखेर बंदी झाली. कॉफीची पोती रस्त्यावर जाळली. पण हुकूम मंजुरीसाठी कैरोला सुलतानाकडे गेला तेव्हा तिथून जरा निराळे उत्तर आले: कॉफीच्या निमित्ताने जमणारे अड्डे बंद करा, पण पेयावर बंदी नको. पुढच्या वर्षी खैर बेगची जागा दुसऱ्याने घेतली, आणि मक्केत पुन्हा चुली पेटल्या.

ह्यानंतरची दोन-अडीचशे वर्षे म्हणजे ह्याच नाटकाचे निरनिराळ्या गावचे प्रयोग. १६३३ साली तुर्की सुलतान चौथा मुराद ह्याने इस्तंबूलची कॉफीगृहे बंद पाडली. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६७५ च्या डिसेंबरअखेर लंडनची कॉफीगृहे बंद करण्याचे फर्मान काढले. ते १० जानेवारीपासून अमलात यायचे होते. लोकांनी इतका आरडाओरडा केला की ८ जानेवारीलाच ते मागे घ्यावे लागले! राजांचा राग कॉफीवर कधीच नव्हता; तिच्याभोवती बसून लोक राज्यकारभाराविषयी बोलतात, ह्यावर होता. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाला मात्र पैशाची चिंता. कॉफीपायी देशाचा पैसा बाहेर जातो, प्रजेने बिअर प्यावी, असे त्याने १७७७ साली जाहीर केले. पुढे त्याने कॉफी भाजण्याचा मक्ता सरकारकडे घेतला आणि चोरून भाजणाऱ्यांना पकडण्यासाठी जुने, जायबंदी शिपाई नेमले. ते गल्लोगल्ली नाक वर करून वास घेत फिरत. आज त्या राजाच्या मुलुखातली माणसे सकाळी काय पितात हे सांगायला नको.

आपल्याकडे कॉफी बाबाबुदन ह्या साधूने आणली अशी परंपरा आहे. सतराव्या शतकात मक्केच्या यात्रेहून परतताना त्याने मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या चंद्रगिरी डोंगरावर लावल्या. तिथल्या गुहेला हिंदू दत्तपीठ मानतात आणि मुसलमान दर्गा. लागवडीची कथा ही. पिण्याची चाल त्याआधीचीच. सर टॉमस रो हा इंग्रज वकील जहांगीराच्या दरबारी होता, त्याच्याबरोबरचा पाद्री एडवर्ड टेरी ह्याने लिहून ठेवले आहे की, इथले धर्मनिष्ठ लोक दारूला शिवत नाहीत, त्याऐवजी कॉफी नावाचे पेय घेतात. ते चवीला विशेष नाही, पण पचनाला आणि मनाला बरे. इथेही पुन्हा धर्मनिष्ठ लोकच. जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्याला 'बुंद' म्हणत; तो शब्द अरबी 'बुन्न'चाच धाकटा भाऊ.

घरोघरी ती पोचली मात्र फार उशिरा. मुंबईत १८८८ साली पेस्तनजी एदलजी दलाल ह्यांनी कॉफी भाजून-दळून विकायला सुरुवात केली. तेच पुढचे पोल्सन. चहाची मात्र तेव्हा वेगळीच शोभा चालली होती. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी जमली. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. तिथे चहा-बिस्किटे पुढे आली. गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि शहरात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. पण बारकाईने पाहा: चहा पिण्यात दोष आहे असे त्या सबंध वादात कोणी म्हटले नाही. दोष होता तो मिशनमधल्या हाताचा. मक्केच्या पंडितांनी निदान पेयाची चौकशी केली. पुण्याच्या पंडितांनी ती हाताची केली. तेव्हा चहा-कॉफीला आपल्याकडे कोणी हटकले नाही. ती स्वयंपाकघरात शिरली, दूध-साखर-जायफळ लेवून बसली, आणि एकादशीच्या दिवशी घरातली एकमेव तरतरी होऊन राहिली.

ही तरतरी नेमकी कशाने येते, ह्याचा शोध लागला त्याची हकीकत मी वर्गात मुलांना हमखास सांगते. १८१९ साल. जर्मनीतल्या येना गावात रुंगे नावाचा पंचविशीतला रसायनशास्त्रज्ञ होता. बेलाडोनाचा रस डोळ्यात घातला की बाहुली मोठी होते, हे तो मांजरावर दाखवी. ही वार्ता महाकवी गटेच्या कानांवर गेली. गटेला शास्त्राचा भारी नाद. त्याने बोलावले. रुंगे बापडा उसना कोट चढवून, बगलेत मांजर मारून भर बाजारातून निघाला. प्रयोग पाहून गटे प्रसन्न झाला आणि जाताना त्याने कॉफीच्या बियांची डबी रुंगेच्या हाती ठेवून म्हटले, ह्यात काय आहे तेही पाहा. थोड्याच दिवसांत रुंगेने त्या बियांतून पांढरे, कडू स्फटिक वेगळे काढले. तेच कॅफीन. पुढे चहातून एक द्रव्य निघाले, त्याला निराळे नाव दिले होते. १८३८ मध्ये ते आणि हे एकच असल्याचे सिद्ध झाले. म्हणजे कॉफी सोडून चहावर येणारा माणूस घर बदलत नाही, नुसती खोली बदलतो.

कॅफीन काय करते हे कळायला आणखी दीडशे वर्षे लागली. आपण जागे असतो तसतसे मेंदूत अ‍ॅडेनोसीन नावाचे द्रव्य साचत जाते आणि 'आता पुरे, नीज' असे सांगू लागते. त्याच्यासाठी मेंदूत जागा ठरलेल्या असतात. कॅफीन तिथे जाऊन बसते. गाडीत रुमाल टाकून जागा अडवावी तसे. थकवा जात नाही. थकव्याचा निरोप पोचत नाही. रोज असे होऊ लागले की मेंदू जागा वाढवतो. आणि मग एके दिवशी कॅफीन आलेच नाही तर? अ‍ॅडेनोसीनला सगळी गाडी मोकळी. डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, डोके ठणकते, अंगात त्राण राहत नाही, माणूस चिडचिडा होतो. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत हे सुरू होते, पहिल्या-दुसऱ्या दिवशी कळस गाठते, आणि दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत टिकते. अमेरिकेतल्या मानसरोगतज्ज्ञांनी २०१३ साली ह्या अवस्थेला आपल्या अधिकृत यादीत स्थान दिले.

हे मी वाचले तेव्हा मला आमची आजी आठवली. वाईच्या घरी ती चातुर्मास पाळी. कोणी वांगे सोडतात, कोणी कांदा-लसूण. ती कॉफी सोडी. चहा तिने जन्मात घेतला नाही, पण कॉफी दिवसातून तीन वेळा, पितळेच्या पेल्यातून, जायफळ घातलेली. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत पेला पालथा. एकादशीला दुपारपासून तिचे डोके चढू लागे. सुंठ उगाळून कपाळावर लेप, डोक्याला घट्ट फडके, आणि माजघरातला अंधार. द्वादशीला उपास सुटला तरी डोके उतरत नसे. घरातले म्हणत, उपास बाधला, साबुदाण्याने पित्त झाले. शेजारच्या काकू म्हणत, देवाला सत्त्व बघायचे असते. गुरुपौर्णिमेला ती उठून कामाला लागे. मग चार महिने डोकेदुखीचे नाव नाही! ज्याने पित्त होते तो साबुदाणा पुढच्या पंधरवड्याच्या एकादशीलाही असेच, पण तेव्हा लेप लागत नसे. हे कोडे तिच्या हयातीत कोणी सोडवले नाही. बिचाऱ्या साबुदाण्यावर उगाच आळ आला.

सगळीच उपासाची डोकेदुखी कॉफीची असते असे मात्र नव्हे. पोटात अन्न नसणे, पाणी कमी पडणे, झोपमोड होणे ह्यांनीही डोके दुखते. हरतालिकेला पाण्याचा थेंब न घेणाऱ्या बायकांना हे सांगायला नको. पण कॉफीचा वाटा किती असतो ते इस्पितळात दिसून आले. शस्त्रक्रियेच्या आधी रोग्याला उपाशी ठेवतात. शुद्धीवर आल्यावर पुष्कळांचे डोके दुखे, आणि भुलीच्या औषधाला बोल लावला जाई. गेल्या शतकाच्या अखेरीस डॉक्टरांनी चौकशी केली तेव्हा आढळले, की रोज चहा-कॉफी घेणाऱ्यांतच ही डोकेदुखी अधिक. आणि जितके कप जास्त तितकी ती जास्त. मला ह्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की घराघरांत कितीतरी बायका अशा दुखण्याला आपले पाप किंवा आपले पुण्य समजून निमूट सोसत आल्या आहेत.

कॉफीवाचून माणसाला कसे जगवता येईल, ह्याचा ध्यास घेऊन दोघांनी मात्र अमाप पैसा केला. अमेरिकेत बॅटल क्रीक गावी डॉ. केलॉग ह्यांचे आरोग्यधाम होते. तिथे चहा-कॉफी, मांस, दारू सगळे वर्ज्य. १८९१ साली पोस्ट नावाचा एक व्यापारी तिथे रोगी म्हणून गेला. बरा झाला की नाही देव जाणे, पण १८९५ मध्ये त्याने गहू, कोंडा आणि काकवी भाजून 'पोस्टम' नावाचे बनावट कॉफीपेय बाजारात आणले आणि कॉफीने मज्जातंतूंचा नाश होतो अशा जाहिरातींनी वर्तमानपत्रे भरून टाकली. लोक घाबरले, पोस्टम खपले. पोस्ट १९१४ साली वारला; आणि १९२८ मध्ये त्याच्याच कंपनीने 'मॅक्सवेल हाउस' हा कॉफीचा गाजलेला कारखाना विकत घेतला! दुसरा जर्मनीतला रोझेलियस. त्याचे वडील कॉफीची पारख करण्याचा धंदा करीत. त्यांचा मृत्यू अति कॉफीने झाला अशी त्याची समजूत. त्याने दाण्यातून कॅफीन काढून टाकण्याची रीत शोधली आणि १९०६ मध्ये ब्रेमेन शहरी कंपनी काढली. कॅफीन काढण्यासाठी तो बेन्झिन वापरी. ते कॅफिनापेक्षा कितीतरी विषारी, हे पुढे कळले आणि ती रीत टाकून द्यावी लागली.

आता उपासाचे पुन्हा दिवस आले आहेत. पण देवासाठी नव्हे, वजनासाठी. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेलेली दोनच वेळा जेवण्याची पद्धत आमच्या शिक्षकांच्या खोलीतही शिरली आहे. कोणी सोळा तास उपाशी राहतो. जपानच्या ओसुमींना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पेशी आपलाच कचरा कसा वापरून टाकतात ह्या शोधासाठी. त्यांचे प्रयोग होते यीस्टवर. पण आमचे ड्रॉइंगचे गुरुजी ते स्वतःवरच झाल्यासारखे सांगतात. ह्या नव्या उपासाला दुधासाखरेचा चहा चालत नाही. मग वर्षानुवर्षे दिवसाला सहा कप पिणारा माणूस एका सोमवारी सगळे एकदम सोडतो, मंगळवारी डोके धरून बसतो आणि बुधवारी म्हणतो, उपास मला मानवत नाही. अहो, उपासाची आणि तुमची अजून भेटच झालेली नाही! आठवडाभर आधीपासून रोज अर्धा-अर्धा कप कमी करावा, म्हणजे कोणाची डोकेदुखी कोणाची हे कळते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून ह्या वाटेला जाऊ नये. तिथे डोके दुखण्यावर भागत नाही. आणि ज्याला कॉफी सोसते त्याने ती सोडलीच पाहिजे असेही नाही. निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला चारशे मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन बाधत नाही, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली सांगितले. गरोदर बाईसाठी ही मर्यादा निम्मी.

हे नवे उपासकरी उठता-बसता गांधीजींचे नाव घेतात. त्यात तथ्य आहे. लंडनला शिकत असताना त्यांनी चहा-कॉफी सोडून कोको धरला होता. पुढे जोहान्सबर्गला त्यांना वारंवार डोकेदुखी होई. मँचेस्टरला सकाळची न्याहारी सोडणाऱ्यांचे मंडळ निघाल्याचे त्यांनी वाचले आणि न्याहारी बंद केली. काही दिवस जड गेले, पण डोकेदुखी पार थांबली, असे ते आत्मकथेत सांगतात. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर लहानसे पुस्तक लिहिले. त्यात चहा, कॉफी, कोको, तिन्हींपैकी कशाचीच शरीराला गरज नाही असा स्पष्ट निर्वाळा आहे. त्याच वाड्यात १० फेब्रुवारी १९४३ ला त्यांनी एकवीस दिवसांचा उपास आरंभला आणि ३ मार्चला सोडला.

पण त्यांच्या आश्रमात राहिलेल्या जी. रामचंद्रन ह्यांनी एक आठवण सांगितली आहे, ती ह्या उपासवाल्यांच्या तोंडी मी कधी ऐकली नाही. साबरमतीला एक तरुण मुलगा दुखण्यातून उठत होता. त्याला कॉफीची सवय. आश्रमात तर कॉफी नाही. गांधीजी रोजच्या फेरीत त्याच्या खाटेशी आले आणि काही खावेसे वाटते का, असे विचारले. मुलाने धीर करून कॉफीचे नाव काढले. गांधीजी हसले आणि निघून गेले. मुलगा मनात चरकला असेल. थोड्या वेळाने खडावांचा आवाज आला. गांधीजी हातात तबक घेऊन उभे होते. त्यावर झाकलेली, वाफाळलेली, स्वतः केलेली कॉफी होती.